दवाखान्यातून सुट्टी: औषधांची वही की मोबाइलमधले फोटो?

जळगावच्या दवाखान्यातून आईला सुट्टी मिळतेय, पुढचं ड्रेसिंग चोपड्याला. कागद वहीत उतरवू की फोटो काढून ठेवू, असं भाचा विचारतोय. त्याला माझं उत्तर असं.

खर्चाचा प्रश्नच नाही. मेहनत मात्र वहीला जास्त, आणि मला तीच मोलाची वाटते. लिहायला बसलं की सिस्टरना विचारावंच लागतं: ही जेवणाआधी की नंतर? बीपीची जुनी गोळी चालू ठेवायची का? घरातल्या आणि नव्या पाकिटावरची नावं वेगळी, पण आत दोन्हीकडे अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं एकच औषध, हे तेव्हाच कळतं. नाहीतर डोस दुप्पट होतो. लिहिलेलं सिस्टरना वाचून दाखव, म्हणजे चूक तिथेच सुधारते.

रिपोर्ट आणि ईसीजीसाठी फोटोच बरे. आकडे उतरवताना चुकतात. पण फोन तुझ्याबरोबर पुण्याला जाणार, आई गावी राहणार. रात्री त्रास झाला तर शेजारच्यांना वहीच सापडेल.

आई स्वतः गोळ्या घेत असेल तर वही, मोठ्या अक्षरात. वाचता येत नसेल तर रिकामं पाकीट चिकटवून शेजारी सूर्य-चंद्र काढ. डॉक्टर वारंवार बदलणार असतील तर फोटोही हवेत, पण स्पष्ट आणि तारखेनुसार लावलेले.