आकृतिबंधाचे ठोकळे आणि शंभराचा तक्ता: काही महिने वर्गात वापरल्यावर

दुसरी-तिसरीच्या मुलांना आकृतिबंध, म्हणजे ठरावीक नियमाने पुढे जाणारी रचना, शिकवण्यासाठी मी लाकडी ठोकळ्यांचा एक संच आणि शंभराचा तक्ता (१ ते १०० आकडे दहा-दहाच्या ओळींत) असं दोन्ही बरेच महिने वापरते आहे. माझं मत आधीच सांगते: ठोकळे जरूर घ्या, पण सोबत येणारी कार्डं बाजूला ठेवा. बहुतेक कार्डांवर एकच प्रश्न असतो, ‘पुढे काय येईल?’ मूल शेवटचे दोन-तीन तुकडे बघतं आणि उत्तर देऊन मोकळं होतं. त्याला आकृतिबंध कळला की नाही, ते मात्र आपल्याला कळत नाही.

संचात सहा आकार आहेत. पिवळा षटकोन, लाल समलंब चौकोन, निळा समभुज चौकोन, हिरवा त्रिकोण, नारिंगी चौरस आणि फिकट लाकडी रंगाचा बारीक समभुज चौकोन. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ‘एलिमेंटरी सायन्स स्टडी’ या प्रकल्पात हे ठोकळे तयार झाले आणि आजही जवळपास तसेच मिळतात, ते त्यांच्या मापांमुळे. सगळ्या बाजू सारख्या लांबीच्या, फक्त समलंब चौकोनाची एक बाजू दुप्पट. त्यामुळे कुठलाही ठोकळा कुठल्याही ठोकळ्याला नीट चिकटून बसतो. षटकोनावर दोन लाल, तीन निळे किंवा सहा हिरवे ठोकळे बरोबर मावतात. बारीक चौकोनाचा टोकाचा कोन ३० अंशांचा, म्हणून असे बारा तुकडे एका बिंदूभोवती ठेवले की पूर्ण चांदणी तयार होते. मुलांना ही चांदणी इतकी आवडते की सुरुवातीचे काही तास नुसत्या नक्षीत जातात. जाऊ द्यावेत. हात भरून खेळून झाल्याशिवाय मुलं प्रश्नाकडे वळत नाहीत.

खरी मजा सुरू झाली ती मी प्रश्न बदलल्यावर. हिरवा, हिरवा, लाल, हिरवा, हिरवा, लाल अशी लांब रांग लावायची आणि विचारायचं, ‘पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कुठे संपतो? तिथे काडी ठेव.’ पुढचा ठोकळा झटपट सांगणारी कितीतरी मुलं इथे अडतात. कुणी दोन हिरव्यांनंतरच काडी ठेवतं, कुणी प्रत्येक ठोकळ्यानंतर. शेजाऱ्याची काडी वेगळ्या जागी दिसली की वाद सुरू होतो, आणि शिकणं त्या वादातच होतं. काड्या बरोबर पडल्या की विचारायचं, ‘सतरावा ठोकळा कोणता?’ रांग तेवढी लांब लावायची नाही. तीन-तीनचे पाच गट पंधरापाशी संपतात, सोळावा हिरवा, सतराव्या जागी दुसरा हिरवा. भागाकार शिकवायच्या कितीतरी आधी ‘बाकी उरणे’ ही कल्पना अशी हातात येते. मधला एखादा ठोकळा काढून रिकामी जागा भरायला सांगितलं, तर ते रांग पुढे नेण्यापेक्षा अवघड जातं. तेही जरूर करून घ्या. तोच आकृतिबंध टाळी, टाळी, चुटकी असा वाजवला आणि ‘हे आणि ते सारखंच आहे’ असं मूल आपणहून म्हणालं, की समजावं, त्याने रंगापलीकडे पाहिलं.

संचाची मोठी उणीव याच जागी आहे. प्रत्येक आकाराला एकच ठरलेला रंग, त्यामुळे मुलं आकार बघतच नाहीत, रंगावरच सगळं चालतं. आकार तोच ठेवून रंग बदलायचा किंवा रंग तोच ठेवून आकार बदलायचा, असं या संचात करता येत नाही. मी त्यावर दिशेचा आकृतिबंध वापरते: एक त्रिकोण टोक वर करून, पुढचा टोक खाली करून. सगळे हिरवेच असल्यामुळे मूल रंग सोडून ठोकळा कसा ठेवलाय ते पाहू लागतं. रंग, आकार आणि आकारमान हे सगळं बदलणारे ठोकळे वेगळे मिळतात. पहिलीसाठी घेत असाल तर आधी ते घ्या, असं मी सांगेन.

वाढत्या आकृतिबंधांसाठी मात्र हा संच फार उपयोगी आहे. षटकोन एका रांगेत बाजूला बाजू लावून ठेवायचे आणि बाहेरच्या बाजू मोजायच्या. एकाच्या ६, दोघांच्या १०, तिघांच्या १४. दर वेळी चार वाढतात हे सगळ्यांना दिसतं, पण ‘दहा षटकोनांच्या किती?’ म्हटल्यावर निम्मा वर्ग चार-चार मिळवत बसतो. प्रत्येक रचनेखाली तिच्या जागेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली की चित्र पालटतं. एका मुलीने बोट ठेवून दाखवलं: प्रत्येक षटकोनाच्या वर दोन, खाली दोन, आणि दोन टोकांना एकेक. म्हणजे दहांसाठी चाळीस आणि दोन, बेचाळीस. सूत्र न सांगता ती सूत्रापर्यंत पोहोचली होती, आणि त्यातल्या ‘चार’ आणि ‘दोन’ चा अर्थ तिला ठाऊक होता. तिसरीत मला याहून जास्त काही नको.

हिरव्या त्रिकोणांपासून मोठा त्रिकोण करायला द्या. दोन ओळींचा केला तर ४ लागतात, तीन ओळींचा केला तर ९, चार ओळींचा केला तर १६. ओळींमध्ये १, ३, ५, ७ असे विषम आकडे दिसतात. मग नारिंगी चौरस घेऊन एकाला लगतच्या दोन बाजूंनी काटकोनी (L सारखा) पट्टा लावत जा. पुन्हा १, ३, ५, ७ आणि एकूण १, ४, ९, १६. त्रिकोणातून आणि चौरसातून तेच आकडे का निघतात, यावर वर्ग बराच वेळ बोलत राहतो. लाल आणि निळ्या ठोकळ्यांचेही चार-चार घेऊन तोच आकार मोठा होतो. षटकोनांचा मात्र कितीही घेतले तरी मोठा षटकोन होत नाही, आत फट राहिली नाही तरी बाहेरच्या कडा सरळ होत नाहीत. हे आधी सांगू नका, करून बघू द्या.

शंभराच्या तक्त्याबद्दल थोडक्यात. नवाचा पाढा रंगवला की तिरकी रेघ डावीकडे उतरते, अकराचा उजवीकडे, पाचाचे दोन उभे रकाने. छान दिसतं. पण छापील तक्ता दहाच्याच ओळींचा असतो आणि मुलांना वाटू लागतं की नक्षी त्या आकड्यांचीच आहे. म्हणून चौकटीच्या वहीत सहाच्या ओळींचा तक्ता काढायला लावा. दहाच्या तक्त्यात तिरका जाणारा तीनचा पाढा इथे सरळ दोन रकान्यांत उभा राहतो. ओळ बदलली की नक्षी बदलते, हे एकदा पाहिलेलं मूल तक्त्याकडे वेगळ्या नजरेने बघतं.

कार्डांबद्दलची आणखी एक तक्रार. त्यात १, २, ४ नंतर काय, असा प्रश्न आहे आणि मागे छापलेलं उत्तर ८. माझ्या वर्गात एका मुलाने ७ सांगितलं: आधी एक वाढला, मग दोन, आता तीन. ते तितकंच बरोबर आहे. नियम सांगता आला की उत्तर मान्य करावं. मोठ्या वर्गांच्या शिक्षकांनी वर्तुळावरचे बिंदू जोडून बघावेत. तीन रेषा आत एका ठिकाणी मिळू न देता सगळे बिंदू एकमेकांना जोडले, तर एक ते पाच बिंदूंना वर्तुळाचे १, २, ४, ८, १६ भाग पडतात आणि सहा बिंदूंना ३१. बत्तीसची वाट बघणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

टिकाऊपणाचं म्हणाल तर लाकडी ठोकळ्यांचे रंग थोडे फिके झाले, कडा मात्र शाबूत आहेत. फोमचे ठोकळे आवाज करत नाहीत, पण कोपरे दबले की जोड नीट बसत नाही आणि मग कोनांचं काम बिघडतं. घेताना डब्यात हिरवे त्रिकोण किती आहेत ते आधी बघा. चार जणांच्या गटाला मोठे त्रिकोण करायला तेच सगळ्यात आधी कमी पडतात. सुटे मिळत असतील तर जास्तीचे हिरवेच घ्या.