मूळ करारनामा ‘हरवला’ असं सांगून विकलेला फ्लॅट

रिसेलचा फ्लॅट घेताय आणि विकणारा म्हणतोय की मूळ करारनामा शिफ्टिंगमध्ये गहाळ झाला, तर हे वाचून झाल्याशिवाय विसाराचा चेक लिहू नका. आमच्या घराला याच एका वाक्याने फसवलं. ते वाक्य एकटं आलं नव्हतं, त्याच्या आगेमागे खऱ्या शिक्क्यांचे बरेच कागद होते.

आईबाबांसाठी घर घ्यायचं होतं. बाबांचे निवृत्तीचे पैसे होते, जुनं घर विकून आलेली रक्कम होती, त्यामुळे कर्ज काढायची गरज नव्हती. एजंटला हे कळल्यावर त्याने लगेच हा फ्लॅट दाखवला. “काका, लोन नाही म्हणजे उत्तमच. बँकेच्या मागे फिरायला नको, आठवड्यात रजिस्ट्रेशन करून देतो.” हा फ्लॅट रोख गिऱ्हाइकालाच का दाखवला जात होता, याचा उलगडा आता होतो. गृहकर्ज देणारी बँक मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे सोडत नाही. तिचे पॅनेलवरचे वकील स्वतः सर्च घेतात, म्हणजे त्या मालमत्तेच्या नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी तपासतात. स्वतःच्या पैशाने घर घेणाऱ्याला ही चाळणी आपोआप मिळत नाही, आणि असे व्यवहार रचणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

मूळ करारनामा हरवल्याची पोलिसांकडची नोंद विकणाऱ्याने आधीच काढून ठेवली होती. दुय्यम निबंधक कार्यालयातून घेतलेली करारनाम्याची प्रमाणित प्रत होती, शिक्का, सही, सगळं अस्सल. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेटही होता, फक्त त्यावर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का होता. तोही त्याच शिफ्टिंगमध्ये हरवल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन त्याने सोसायटीकडून दुसरा घेतला होता. यातला एकही कागद बनावट नव्हता, आणि म्हणूनच ही युक्ती चालली. पोलिसांची नोंद एवढंच सांगते की अमुक माणसाने अमुक वस्तू हरवल्याचं कळवलं. वस्तू खरंच हरवली, असं ती म्हणत नाही.

मूळ करारनामा आणि मूळ शेअर सर्टिफिकेट बँकेच्या तिजोरीत होते. विकणाऱ्याने २०२१ मध्ये धंद्यासाठी कर्ज काढून फ्लॅट तारण ठेवला होता.

इथे कायद्याची एक गोष्ट प्रत्येक खरेदीदाराला माहीत हवी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८(फ) प्रमाणे मालकाने कर्जाच्या हमीसाठी मूळ दस्त बँकेकडे ठेवला की गहाण पूर्ण होतं. वेगळं गहाणखत नोंदवावं लागत नाही. त्यामुळे मूळ दस्त कोणाच्या हातात आहे हा प्रश्न निव्वळ कागदोपत्री नाही, मालकीवरच्या बोज्याचाच तो प्रश्न आहे. दस्त विकणाऱ्याच्या हातात नसेल तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असू शकतो, असं धरूनच पुढची चौकशी व्हायला हवी.

आता लोक मला जे विचारतात ते. पहिला प्रश्न हाच: “सर्च रिपोर्ट घेतला नव्हता का?” घेतला होता. एजंटनेच सुचवलेल्या वकिलांचा होता. पहिल्या पानावर ताजी तारीख, खाली ‘मागील ३० वर्षांचा शोध, मालमत्ता निर्वेध’ असं स्वच्छ टाइप केलेलं. पण अगदी शेवटच्या पानामागे शोध शुल्काची पावती टाचलेली होती, आणि तिच्यावरची वर्षं २०१९ ला संपत होती. म्हणजे जुना शोध, नवं पहिलं पान. कर्ज त्यानंतरचं, त्यामुळे ते त्या शोधात दिसणार कुठून? कृपा करून सर्च रिपोर्टची पावती बघा. शोध कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घेतला, ते पावतीच सांगते. आणि वकील स्वतःचा नेमा, त्याची फी स्वतः द्या. विकणाऱ्याच्या किंवा एजंटच्या वकिलाचं अशील तुम्ही नसता.

नोंद तर होती. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना, म्हणजे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, ३० दिवसांच्या आत निबंधकांकडे दाखल करावी लागते. बँकेने ती केली होती. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या मोफत ई-सर्चमध्ये ती ओळ दिसते. दुसरी जागा ‘सरसाई’, तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही. नाममात्र शुल्क भरून तिथे कोणीही शोध घेऊ शकतो. पत्त्याचं स्पेलिंग इकडेतिकडे झालं की मालमत्तेच्या पत्त्यावरून केलेला शोध कोरा येऊ शकतो, म्हणून कर्जदाराच्या नावाने आणि पॅनवरूनही बघायला सांगा. २०२० पासून सरसाईमधली नोंद ही सर्वांना दिलेली जाहीर सूचना मानली जाते. त्यामुळे “आम्हाला माहीतच नव्हतं” हे म्हणणं बँकेपुढे टिकत नाही.

दुसरा प्रश्न: “रजिस्ट्रेशन झालं ना, मग?” झालं. अंगठा, फोटो, ओळखपत्रं, मुद्रांक शुल्क, सगळं रीतसर. दुय्यम निबंधक सही करणारी माणसं तीच आहेत का आणि मुद्रांक पुरेसा आहे का ते बघतात. विकणाऱ्याचं टायटल निर्दोष आहे याची हमी ते देत नाहीत. खरेदीखत नोंदवल्याने आम्हाला तेवढंच मिळालं जेवढं विकणाऱ्याकडे होतं, म्हणजे बोज्यासकट फ्लॅट.

सोसायटीच्या एनओसीचंही तसंच. तिच्यात ‘थकबाकी नाही’ लिहिलं होतं, म्हणजे मेंटेनन्सची. कर्ज देताना बँकेने फ्लॅटवर बोजा नोंदवण्याचं पत्र सोसायटीला पाठवलं होतं. कमिटी बदलली, पत्र जुन्या फाइलमध्ये राहिलं. ती फाइल नंतर आम्ही सेक्रेटरींसोबत बसून उघडली, तेव्हा ते पत्र पोहोचेच्या शिक्क्यासह त्यात लावलेलं होतं. म्हणून सोसायटीला लेखी विचारा: या सदनिकेवर कोणत्या बँकेच्या बोज्याचं पत्र आलं आहे का? उत्तरही लेखीच घ्या.

एजंटचं आणखी एक पालुपद होतं, “सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय, टायटल क्लिअर आहे.” कन्व्हेयन्स खरंच झालं होतं. पण त्याचा अर्थ जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आली, इतकाच. तुमच्या फ्लॅटवर कर्ज आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करून भल्याभल्यांना गुंडाळतात.

आम्हाला कळलं ते दारावर चिकटवलेल्या ताबा नोटिशीवरून. सरफेसी कायद्याखालची, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखालची नोटीस, नाव जुन्या मालकाचं, वर्णन आमच्या घराचं. आईने ती वाचली आणि मला फोन करून एवढंच विचारलं, “आपल्याला बाहेर काढणार का गं?” बँकेत गेलो, तर अधिकाऱ्यांनी मूळ करारनामा टेबलावर ठेवून दाखवला. हरवलेला तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट जपलेला होता. मला त्या माणसाचा राग आजही तितकाच येतो. माझ्या बाबांच्या हातचा चहा पीत त्याने “कागद सापडले की स्वतः आणून देतो” असं सांगितलं होतं.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. एजंट म्हणतो, मी फक्त गाठ घालून दिली.

अजून व्यवहार व्हायचा असेल तर एक हक्क वापराच. त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यावर बंधन घालतं: मालकीचे जे दस्त त्याच्याकडे आहेत ते मागितल्यावर तपासायला द्यायचे, आणि मालकीतला त्याला माहीत असलेला दोष सांगायचा. मूळ दस्त मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं कोणी सुनावलं तर गप्प बसू नका. दस्त खरंच हरवला असेल तर सरसाई, ई-सर्च आणि सोसायटीचं लेखी उत्तर, तिन्ही हातात येईपर्यंत विसारही देऊ नका.

आणि नोटीस आधीच दारावर लागली असेल तर वाटाघाटीत दिवस घालवू नका. बँकेच्या ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करायला सरफेसी कायद्याच्या कलम १७ खाली ४५ दिवस मिळतात. कर्जदार नसलेल्या पण नुकसान पोचलेल्या माणसालाही तो अर्ज करता येतो. आम्ही तो मुदतीत केला, सुनावणी चालू आहे आणि आईबाबा अजून त्याच घरात आहेत. वकिलांकडे जाताना नोंदणीकृत खरेदीखत, सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), पैसे खात्यातून गेल्याची स्टेटमेंट्स, टीडीएस भरल्याची पावती आणि तो सर्च रिपोर्ट मागच्या पावतीसकट घेऊन जा.