तुरटीचा खडा : वापरला दुसऱ्याने, रिव्ह्यू माझा

वस्तू : तुरटी, किराणा दुकानातली, सुटी. वीस रुपयांत मुठीत मावेल एवढा खडा. ब्रँड नाही, बारकोड नाही, रद्दी पेपरात गुंडाळून मिळाली. मी ती माझ्यासाठी घेतली नव्हती, शेजारच्या खुर्चीसाठी घेतली होती. फरक पडला की नाही हे माझ्या नाकाला जेवढं कळलं तेवढं वापरणाऱ्यालाही कळलं नसेल, म्हणून रिव्ह्यू मीच लिहितोय.

भोसरी एमआयडीसीत मशिनिंगच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आमची स्टँडर्ड रूम, म्हणजे तयार भाग मोजायची खोली, 20 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, लांबीच्या मोजमापाला जगभर तेच तापमान धरतात. 100 मिमीचा पोलादी तुकडा एक अंशाने तापला तरी साधारण 1.15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो, आणि आमच्या काही जॉबना मोकळीक असते ती मोजून पाच मायक्रॉनची. त्यामुळे खोलीला खिडकी नाही. दार उघडं राहिलं तर ओरडा बसतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. एकदा वास आत आला की तो शिफ्ट सुटेपर्यंत आपल्याबरोबर ड्यूटी करतो.

नवीन आलेला पोरगा कामाला एक नंबर. मायक्रोमीटर कसा धरायचा हे त्याला सांगावं लागलं नाही, रिपोर्टमध्ये खाडाखोड नाही. पण दुपारी शॉप फ्लोअरवर चक्कर मारून तो आत आला की सीएमएमवर (भाग मोजायच्या मशीनवर) बसलेला माणूस काहीतरी काम काढून बाहेर जायचा. घामाचा, आंबलेला, डोक्यात जाणारा वास. मग सुरू झाले ते नेहमीचे प्रकार. कोणी त्याच्या लॉकरवर साबणाची वडी ठेवली. स्टोअरवाला त्याच्याशी बोलताना उगाच मास्क वर ओढायचा. कोणीतरी गाडीत लावतात ती लिंबाच्या वासाची जेलची डबी आणून एसीखाली ठेवली. (तिचाही रिव्ह्यू देऊन टाकतो : शून्य. लिंबू घामाला दाबत नाही, दोघं मांडीला मांडी लावून बसतात.)

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, ‘वैयक्तिक स्वच्छता’ असं जनरल सर्क्युलर काढून बोर्डावर लावू. म्हटलं, मॅडम, ते सगळे वाचणार आणि वाचून झाल्यावर सगळे त्याच्याचकडे बघणार. राहू द्या, मी बोलतो.

शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर त्याला थांबवलं. चहा येईपर्यंत बोललोच नाही. मग सरळ म्हटलं, “राग मानू नकोस. तुला घामाचा वास येतो, दुपारनंतर जास्त. माझ्या धाकट्या भावाला सांगितलं असतं तसं सांगतोय.” तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, आंघोळ रोज करतो मी.” आणि जरा वेळाने, “ती साबणाची वडी त्याच्यासाठी होती होय?”

खोटं बोलत नव्हता तो. सोलापूरकडचा मुलगा, इथे कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून, राहतो, एका खोलीत पाच जण. पिंपरी-चिंचवडला 2019 पासून पाणी दिवसाआड. आंघोळीला एक बादली मिळते, कपडे रविवारी धुतात आणि पावसाळ्यात ते खोलीतच दोरीवर वाळतात, म्हणजे वाळतच नाहीत. कंपनीचा युनिफॉर्म पॉलिस्टर मिक्स, वर्षाला दोन जोड. सुती कपड्यापेक्षा पॉलिस्टर वास जास्त धरून ठेवतं. धुतलेला शर्ट सकाळी बरा वाटतो, अंगाच्या उबेने दुपारी पुन्हा बोलायला लागतो. हे सगळं ‘अंघोळ करत नाही लेकाचा’ या एका वाक्यात बसवून आमची मंडळी मोकळी झाली होती.

आता तुरटी. घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. काखेतला घाम जरा वेगळ्या ग्रंथींतून येतो, त्वचेवरचे जिवाणू तो खातात आणि वास सुटतो. तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, ती त्या जिवाणूंना तिथे टिकू देत नाही. घाम थांबत नाही, वास थांबतो. ज्याला शर्टावरचे ओले डाग नको आहेत त्याने हिच्यावर पैसे घालवू नयेत. त्याला अँटिपर्स्पिरंट लागेल, आणि तेही रात्री, कोरड्या काखेत लावायचं. सकाळी घाईत ओल्या अंगावर फिरवून ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे खूप. नुसता डिओ म्हणजे बहुतेक वेळा सेंट आणि अल्कोहोल, कळकट वासावर गुलाबपाणी.

वापरायची रीत त्याला मी टपरीवरच सांगितली. आंघोळ झाल्यावर खडा पाण्यात बुडवायचा, काखेत दहा-बारा वेळा फिरवायचा, तसंच वाळू द्यायचं, वर टॉवेल फिरवायचा नाही. खडा पुसून कोरडा ठेवायचा. साबणाच्या डबीत ओला ठेवला तर विरघळून तळाशी लगदा होतो. नुकतं वस्तऱ्याने साफ केलं असेल तर झोंबते, न्हाव्याकडे दाढीनंतर गालाला झोंबते तशीच. कोणाची कातडी लाल झाली, खाज सुटली तर बंद.

फरक? आठवडाभरात सीएमएमवाला माणूस खुर्चीत टिकायला लागला, याहून मोठा पुरावा मला नको. पण सगळं श्रेय तुरटीला देणार नाही. स्टोअरमधून मी त्याच्या नावावर युनिफॉर्मचा तिसरा जोड काढून दिला. त्यासाठी फॉर्म भरावा लागला, ‘कारण’ या रकान्यात मी ‘ऑइल डाग’ लिहिलं. आणि शर्ट उलटा करून काखेच्या जागी आधी साबण चोळून ठेवायचा, मग धुवायचा, हे त्याला सांगितलं. शर्ट तसाच राहिला असता तर तुरटीचा बाप आला असता तरी काही झालं नसतं.

जिथे तुरटी साफ नापास झाली ती जागा म्हणजे सेफ्टी शूज. त्याने पायांनाही लावून बघितली, वास जसाच्या तसा. शेवटी त्याने तळवा दाखवला. टाचेवर आणि चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं, कडेची कातडी पांढरट. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, दिवसभर बंद बुटात घाम साचून होणारं जिवाणूंचं इन्फेक्शन आहे. लावायला अँटिबायोटिक मलम दिलं, नायलॉनचे मोजे बंद करायला लावले, बूट रोज एकाआड एक घालायला सांगितले. बुटांचा दुसरा जोड कंपनी काही देत नाही, त्यामुळे जुन्या जोडावर भागवतोय. पण तळवा भरून आला. तेव्हा पायाला वास असेल तर किराणावाल्याकडे जाऊ नका, तळवा उलटा करून बघा आणि डॉक्टर गाठा.

ऑनलाइन हीच तुरटी घासून गुळगुळीत करून, गोल कांडी बनवून, प्लास्टिकच्या नळीत घालून ‘क्रिस्टल डिओ’ म्हणून कितीतरी पट भावाने विकतात. काहींवर ‘अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नाही’ असं ठळक छापलेलं असतं. खरं आहे, ते नसतंच. पण तुरटी हाच अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वाचावं लागतं. कांडीचा एक फायदा मान्य : कडा टोचत नाहीत. किराणातला खडा फोडलेला असतो, धार लागते. न्हाव्याचं सामान विकणाऱ्या दुकानात गुळगुळीत, काचेसारखी वडी मिळते, थोडी महाग पडते पण तीच घ्या.

रेटिंग : काखेसाठी पाचपैकी चार. एक तारा कापला तो घाम तसाच राहतो म्हणून. पायांसाठी शून्य. लॉकरवर न सांगता ठेवून देण्यासाठीही शून्य, हातात द्यायची असेल तरच घ्या.