मिठाची डबी आणि बारा तास

तर गेल्या महिन्यात मी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा एक्स्टेंडेड एडिशनचा डीव्हीडी सेट घेतला. हो, डीव्हीडी, हसू नका. सेकंडहँड, अठराशे रुपये, तीन सिनेमांच्या मिळून १२ डिस्क. घरी आल्यावर लक्षात आलं की लॅपटॉपला आता डिस्कचा खणच नसतो, मग माळ्यावरून जुना प्लेअर काढला, रिमोटमध्ये सेल फुटून हिरवं काहीतरी वाळलेलं ते काडीने खरवडलं, टीव्हीच्या मागे लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकं शोधताना मान आखडली, आणि या सगळ्यात दीड तास गेला म्हणजे एका हॉबिटचे (त्यातली ती बुटकी, खादाड माणसं) दोन नाश्ते झाले असते.

विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण 'एकदम नव्यासारखी कंडिशन' या शब्दांचा अर्थ त्याच्या गावात वेगळा असावा. दुसऱ्या सिनेमाच्या दुसऱ्या डिस्कवर ओरखडे होते, नेमकी हेल्म्स डीपची लढाई तीनदा अडकली, टूथपेस्ट लावून पुसली तेव्हा कुठे पुढे सरकली. आई म्हणाली, बरं झालं, तेवढा वेळ तरी ती माणसं ओरडायची थांबली.

आई मध्येच कुठून आली ते सांगते. ती महिनाभर माझ्याकडे राहायला होती आणि मी हे तीन रविवारी एकटीने बघायचं ठरवलेलं. आई हायस्कूलला भूगोल शिकवायची, आता एकाहत्तरची आहे, जादूबिदूच्या गोष्टींत तिला काडीचा रस नाही. पहिल्या रविवारी ती भाजी निवडत नुसती शेजारी बसली होती. पण सुरुवातीला नकाशा दिसला आणि ती म्हणाली, थांबव. थांबवलं. मग मी पुस्तकातला नकाशा काढून दिला, जो लेखक टॉल्किनच्या मुलाने, क्रिस्टोफरने काढलाय, आणि आईने चष्मा बदलून तो पाच मिनिटं वाचला. म्हणाली, "हे मॉर्डॉर कोणी काढलंय? डोंगर कधी असे काटकोनात वळतात का गं? पेटी केलीय नुसती." हा आक्षेप जगभरचे भूगोलवाले घेतात हे मला माहीत होतं पण घरच्या सोफ्यावरून इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रोडो नावाचा हॉबिट आणि त्याचा सोबती सॅम, दुष्ट सॉरॉनची अंगठी नष्ट करायला त्याच्याच मॉर्डॉर देशात चालत जातात, ही गोष्ट. थिएटरला २००१, २००२ आणि २००३ मध्ये आलेले सिनेमे साधारण तीन तास, तीन तास आणि तीन तास वीस मिनिटांचे होते. एक्स्टेंडेडमध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनने गाळलेले प्रसंग परत घातलेत, त्यामुळे सगळं मिळून बारा तासांच्या घरात जातं. त्यात प्रत्येकाच्या शेवटी कितीतरी मिनिटं फॅन क्लबच्या मेंबरांची नावं सरकत राहतात, आई म्हणाली आहेराची यादी वाचतायत. एक सिनेमा दोन डिस्कवर तोडलाय, म्हणजे ऐन रंगात आलं की उठून डिस्क बदला. पहिल्याचा तुकडा मात्र झकास जागी पाडलाय, अंगठीबरोबर जायला नऊ जणांची निवड होते, सगळे गंभीर उभे, आणि त्यातला पिपिन नावाचा हॉबिट विचारतो की छान, पण जायचंय कुठे. तिथे चहा.

आता मुद्दा. मी पुस्तक कॉलेजात पहिल्यांदा वाचलं आणि त्यानंतर किती वेळा ते मोजलं नाही. थिएटरचा सिनेमा मला तेव्हाही आवडला होता, पण एक गोष्ट खुपायची, त्यात लढाया फार आणि चालणं कमी. पुस्तकात उलटं आहे. पुस्तकात लोक चालतात, भिजतात, पाय दुखतात, भूक लागते, कोण काय खाल्लं याचा हिशेब असतो, गाणी म्हणतात (ती मी गाळते, खोटं कशाला बोलू), आणि अधूनमधून लढाई होते. फ्रोडो २३ सप्टेंबरला घरून निघतो आणि अंगठी नष्ट होते २५ मार्चला, सहा महिन्यांची पायपीट आहे ती. त्याआधी अंगठी हातात आल्यापासून तो तब्बल १७ वर्षं घरीच बसलेला असतो, सिनेमात ते सगळं असं उरकलंय की जणू गँडाल्फ जादूगार वाण्याकडे जाऊन आला. तर एक्स्टेंडेडमध्ये जे परत आलंय ना, ते बहुतेक हेच चालण्याचं, खाण्याचं, वेळ घालवण्याचं सामान आहे, आणि म्हणून मला हाच खरा सिनेमा वाटतो.

उदाहरण म्हणजे ती मिठाची डबी. दुसऱ्या सिनेमाच्या सुरुवातीला फ्रोडो आणि सॅम दोरीवरून कडा उतरत असतात, सॅमच्या हातून एक छोटीशी डबी निसटते, तो असा घाबरतो की जणू जीवच पडला, फ्रोडो ती झेलतो आणि उघडतो तर आत मीठ. गावाकडचं, शायरचं. का आणलंस तर म्हणे कुठे एखाद्या रात्री कोंबडी भाजायचा योग आला तर असावं. जग बुडायला निघालंय, समोर मॉर्डॉर, आणि हा कोंबडीची सोय बघतोय. थिएटरच्या सिनेमात हे नाहीच!

आईने निवडायची मेथी बाजूला ठेवली. इथपासून ती आमच्यात आली. कारण आमच्या घरात बाहेरगावी जाताना डब्यांची एक वेगळी पिशवी असते, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि फिल्मच्या रोलच्या त्या जुन्या काळ्या डबीत मीठ. बाबा जायचे तेव्हा हॉटेलात मीठ मिळतं म्हणून वैतागायचे आणि अर्ध्या वाटेत तीच डबी मागायचे. आईला सॅम म्हणजे एकदम घरचा माणूस वाटला. एल्फ लोकांची ती लेंबासची पोळी मात्र तिला पटली नाही. एक घास खाऊन दिवसभर चालता येतं हे ऐकून म्हणाली, नुसती पोळी? बरोबर काही नाही? दशमी परवडली.

दुसरा आवडता प्रसंग एओविनच्या रश्श्याचा, हाही एक्स्टेंडेडमध्येच आहे. ही राजाची भाची नऊ जणांतल्या ॲरागॉर्न या योद्ध्याला प्रेमाने वाडगाभर रस्सा आणून देते, तो एक घास खातो, चेहरा बघा त्याचा, तिची पाठ वळली की ओतायला जातो तर ती परत वळते. आमच्याकडे नवीन सुनेच्या पहिल्या शिऱ्याचं जे होतं तेच. त्याच बोलण्यात कळतं की त्याचं वय ८७ आहे, त्याच्या वंशाला आयुष्य मोठं असतं वगैरे. आईने विचारलं, सत्त्याऐंशी? आणि गुडघे?

परत आलेलं सगळंच सोनं नाही हेही सांगते. तिसऱ्या सिनेमात कवट्यांचा धबधबा कोसळतो तो कशाला ठेवला देव जाणे. सॉरॉनचा दूत बोलणी करायला येतो आणि ॲरागॉर्न त्याचं मुंडकं उडवतो, पुस्तकात तो असं काही करत नाही, दूताला हात लावायचा नसतो हे आपल्याला रामायणापासून ठाऊक आहे, अगदी लंकेतसुद्धा हनुमानाच्या शेपटीवर भागवलं. उलट सारुमानचं मरण थिएटरमधून कापलं होतं हा शुद्ध वेडेपणा, दोन सिनेमे ज्याला खलनायक म्हणून दाखवला तो तिसऱ्यात गायब. सारुमान झालेला नट क्रिस्टोफर ली नाराज झाला होता त्यावर, आणि का होणार नाही, त्या सगळ्या टीममध्ये टॉल्किनला प्रत्यक्ष भेटलेला तो एकटा माणूस. इथे तो प्रसंग आहे, एवढ्यासाठी अठराशेतले दोनशे वसूल.

फ्रोडो सॅमला जिन्यावरून घरी हाकलतो तो भाग मात्र दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे मला राग येतो. पुस्तकात असं घडतच नाही. पोळीचा चुरा सॅमच्या अंगावर टाकून गोलम, तो अंगठीसाठी मागे लागलेला वाटाड्या, भांडण लावतो म्हणे. आई तर उठून स्वैपाकघरात गेली, तिथून ओरडून विचारत होती, "घेतलं का त्याला परत?"

उरलेल्या सहा डिस्क म्हणजे हे कसं बनवलं त्याची माहिती, आणि खरं सांगू, काही बाबतीत त्या सिनेमापेक्षा भारी आहेत. तिन्ही सिनेमांचं शूटिंग न्यूझीलंडमध्ये एकत्रच केलं, २७४ दिवस. हॉबिटांचं गाव मातामाताजवळच्या मेंढ्यांच्या फार्मवर उभारलं आणि तिथल्या बागा, भाज्या, कुंपणं शूटिंगच्या वर्षभर आधी लावली, म्हणजे ती रुजलेली, राहती वाटावीत म्हणून. गँडाल्फ उंच आणि हॉबिट बुटके दिसावेत म्हणून घर दोन मापांत बांधलं, एक मोठं एक छोटं, आणि कधी नुसतं एकाला कॅमेऱ्याजवळ आणि दुसऱ्याला लांब बसवून काम भागवलं. ॲरागॉर्न शिरस्त्राणाला लाथ मारून किंचाळतो तिथे नटाचं पायाचं बोट खरंच मोडलेलं. हे सगळं मी आईला कौतुकाने सांगत होते, तिला लक्षात राहिला तो फक्त वर्षभर आधी लावलेला भाजीपाला.

(याच माणसाने नंतर 'द हॉबिट'चे तीन सिनेमे काढले, तीनेकशे पानांचं मुलांचं पुस्तक ते. एका कैरीत तीन बरण्या लोणचं घालायला गेलं की काय होतं ते बघायचं असेल तर बघा. मी एकदा बघितले.)

आता माझी खरी तक्रार, आणि ही बारा तासांतही भरून निघालेली नाही. एल्फांच्या लोथलॉरियन जंगलात तिथली मालकीण गॅलाड्रिएल सगळ्यांना भेटी देते, हा प्रसंगही एक्स्टेंडेडमध्ये नीट आहे. कोणाला धनुष्य, कोणाला खंजीर, गिमली तिच्या डोक्याचा एक केस मागतो आणि तीन मिळतात. सॅमला मिळते दोरी. पुस्तकात दोरी आहेच, पण गॅलाड्रिएल स्वतः त्याला देते ती एक साधी राखाडी लाकडाची डबी, आणि तिच्यात असते तिच्या बागेतली माती. सॅम माळी आहे ना. ती डबी सिनेमाने गाळली, कारण ती जिथे कामाला येते ते प्रकरणच गाळलंय. पुस्तकात अंगठी जळून गेल्यावर चौघं हॉबिट गावी परततात तर गावाला फाटकं लागलेली, जागोजागी नियमांचे कागद डकवलेले, झाडं तोडलेली, गिरणीने ओढा नासवलेला, आणि या सगळ्याच्या मागे तोच हरलेला सारुमान. तिथे त्यांना परत एकदा भांडावं लागतं, यावेळी घरासाठी. मग सॅम जिथे जिथे झाड तोडलं तिथे रोप लावून प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण घालतो.

सिनेमात ते परत येतात तर शायर तस्सं हिरवंगार, पबमध्ये बिअर, कोणाला पत्ता नाही की जगात काय झालं. दिसायला छान आहे, आणि आधीच सिनेमा चारदा संपल्यासारखा वाटतो त्यात अजून एक लढाई कोण सहन करणार, हे मान्य. तरी मला ते लबाडीचं वाटतं. टॉल्किन लहानपणी बर्मिंगहॅमजवळ सेअरहोलला राहायचा, तिथे गिरणी होती, झाडं होती, आणि तो दहा वर्षांचा व्हायच्या आत त्या भागाची रया गेली हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पुढे पहिल्या महायुद्धात सॉमच्या खंदकांत होता. घरी परतलं की घर तसंच असतं हे त्याने कसं लिहिलं असतं? मिठाची डबी ठेवली आणि मातीची गाळली, घरातून काय न्यायचं ते दाखवलं, परत काय आणायचं ते नाही.

हे मी तिसऱ्या रविवारी रात्री आईला तावातावाने सांगितलं, नावांची यादी सरकत होती तेव्हा. ती म्हणाली वाच मग ते. तर आता रोज रात्री जेवणं झाली की मी एकेक तुकडा मराठीत सांगत वाचते, पुढे-मागे करत, ती नकाशा मांडीवर घेऊन बसते. परवा मॉर्डॉरचा भाग झाला. सॅमला कळतं की आता उरलंय ते फक्त पोचणं, ओझं हलकं करायला हवं, म्हणून तो इतके महिने पाठीवर वाहिलेली भांडी एका भेगेत टाकून देतो, ती आपटत खाली जातात तो आवाज त्याला सहन होत नाही. जवळ ठेवतो ती दोरी, थोडी पोळी, पाणी, गॅलाड्रिएलने फ्रोडोला दिलेली ती उजेडाची कुपी आणि छातीशी ती मातीची डबी.

सेट घ्यायचा असेल तर घ्या, फक्त विकणाऱ्याकडून डिस्कचे उजेडात धरून काढलेले फोटो आधी मागवा, आणि आवाजाचं बघा, बोलणं हळू आणि लढाई मोठ्याने, रिमोट हातातून सोडता येत नाही. सबटायटल्स चालू ठेवा.

आई मात्र अजून त्या भेगेपाशीच आहे. काल सकाळी चहा गाळताना एकदम म्हणाली, "सगळी नाही टाकायची. एक तरी पातेलं ठेवायचं, येताना लागलं असतं."