पद्मिनीचा रिकंडिशन केलेला सेल्फ: दहा महिन्यांनंतर, आधीचा राग मागे घेऊन

जानेवारीत पद्मिनी गाडीचा सेल्फ (किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) रिकंडिशन करून घेतला तेव्हाच ठरवलं होतं, एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय याबद्दल काही लिहायचं नाही. आमचं घर गुहागरात, वाडीच्या पलीकडे सुरूचं बन आणि त्यापलीकडे थेट समुद्र. इथे खाऱ्या वाऱ्यात सायकलची चेनसुद्धा वर्षभर धड राहत नाही, तिथे सेल्फची परीक्षा आषाढ-श्रावणातच होणार.

गाडी ८६ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी नवी घेतलेली, तेव्हापासून आमच्याच पडवीत. १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर, हाताने ओढायचा चोक. ज्यांच्याकडे आहे त्यांना बाकीचं सांगायला नको. माझ्या गाडीला सोलेनॉइडवाला सेल्फ आहे, म्हणजे त्याला करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच त्याच्यावरच बसवलेला. गेल्या डिसेंबरात तो कण्हायला लागला. सकाळी दोनदा 'टक्' आणि तिसऱ्या वेळी कसाबसा अर्धा फेरा. एक-दोनदा नुसताच गरगर फिरला, इंजिन जागचं हललं नाही. असा नुसता गरगर आवाज आला म्हणजे बेंडिक्स (सेल्फचं इंजिनच्या दातांत अडकणारं छोटं चाक) घसरतोय, हे मला माहीत होतं. म्हणून सेल्फ काढून चिपळूणला वाइंडिंगवाल्याकडे दिला.

त्याने माझ्यासमोर उघडला. कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) घासून नखाएवढे उरलेले. बुश इतका सैल की आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, बाजूच्या पोलला घासल्याच्या चकचकीत रेघा दिसत होत्या. त्याने कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) लेथवर फिरवला, पट्ट्यांमधला अभ्रक खाली घेतला, कार्बन, दोन्ही बुश आणि बेंडिक्स नवे घातले, सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट जळाले होते ते बदलले. ४,२०० रुपये. बिल साध्या कागदावर, गॅरंटी तोंडी. मला रक्कम जास्त वाटली, पण पद्मिनीचे भाग आता कुठे सहज मिळतात? मुंबईत काळ्या-पिवळ्या होत्या तोवर यातली कुठलीही वस्तू दोन दिवसांत एसटीच्या पार्सलने यायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तेव्हापासून प्रत्येक बेंडिक्ससाठी चार फोन करावे लागतात.

बसवल्यावर पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. आणि मे संपेपर्यंत रोज झाली. त्या पाच महिन्यांत मी भेटेल त्याला त्या दुकानाचा पत्ता देत होतो.

जूनच्या शेवटी पहिला 'टक्' परत ऐकू आला. जुलैत आठवड्यातून एकदा, ऑगस्टमध्ये दिवसाआड. पावसात बॅटरी मंदावते अशी मी समजूत करून घेतली आणि टर्मिनल साफ करत राहिलो.

गणपतीला चार दिवस राहिले होते. आईला दापोलीला बहिणीकडे नेलं होतं, येताना मागच्या सीटवर मखराचं सामान आणि दोन फणी केळी. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली. आधीच रांग मोठी, चाकरमान्यांच्या गाड्या एकाला एक खेटून, आणि आम्ही अगदी पुढच्या ओळीत. धोपाव्याला बोट लागली, फळी खाली पडली, मी किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. मागे वीसेक गाड्या, पहिल्याने हॉर्न दिला, मग सगळ्यांनी.

बोटीवरचा एक पोरगा पान्याने सेल्फवर ठोकायला लागला. कार्बन अडकला असेल तर या उपायाने कधीकधी सुटतो, पण इथे काही झालं नाही. मी चोक आत-बाहेर केला आणि परत किल्ली मारली, तेव्हा चोकच्या नॉबचा बोटांना चटका बसला. वायरच्या वेष्टनाचा जळका वास आला. मला वाटलं, वायरिंग पेटतंय. किल्ली सोडून दिली आणि आईला म्हटलं, "आई, तू आधी खाली उतर."

ती उतरली, छत्री उघडून कठड्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "दिवा तर चांगला लागलाय की रे समोरचा. मग बॅटरी कशी गेली?" सकाळी पावसात लावलेला हेडलाइट चालूच राहिला होता. किल्ली मारतानाही तो जराही मंद होत नव्हता. तिचं बोलणं मी तेव्हा कानाआड केलं. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिनेच सांगितली होती, आणि ती समजायला मला तीन आठवडे आणि ५,४०० रुपये लागले.

सहा जणांनी ढकलून गाडी जेटीच्या चढावर घेतली. नऊशे किलोच्या आसपासचं धूड, ओलं काँक्रीट, त्यातला एक जण चप्पल घसरून गुडघ्यावर पडला. मग एका टेम्पोने दोर लावून ओढलं, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. घरी येईपर्यंत इंजिन बंद केलं नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी सप्टेंबरातच लिहून ठेवला होता. त्याखाली चिपळूणच्या दुकानाबद्दल तीन परिच्छेद होते. ते खोडले, कारण पुढे काय झालं ते असं.

गौरी-गणपती झाल्यावर सेल्फ काढला, गोणपाटात गुंडाळला आणि एसटीने चिपळूणला गेलो. तावातावाने बोललो. त्या माणसाने शांतपणे सेल्फ जमिनीवर पायाखाली दाबून धरला, बॅटरीच्या जाड वायरी लावल्या, आणि तो असा फिरला की पायाखालून निसटायला बघत होता. "दादा, सेल्फ चांगला आहे. गाडीत बघा." मी ऐकलं नाही, उघडायला लावला. आत कार्बन नव्यासारखे, बुश घट्ट, कॉम्युटेटर तपकिरी आणि गुळगुळीत. उघडण्याचे त्याने ३०० रुपये घेतले, यावरून माझी परत कुरबुर. मग येताना, सेल्फ चांगला तर बॅटरीच खराब असणार असं धरून, दुसऱ्या दुकानातून नवी बॅटरी घेऊन आलो. ५,४०० रुपये. त्या दुकानदाराने जुनी बॅटरी तपासायचं नावसुद्धा काढलं नाही आणि मी ती तपासणी मागितली असती तर त्याचा खप गेला असता, हे मला नंतर सुचलं.

नवी बॅटरी लावली. टक्.

त्या संध्याकाळी पडवीत बसून मी पहिल्यांदा चोकच्या वायरीचा विचार केला. चोकच्या वायरीत वीज नसते. ती साधी पोलादी तार, डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी. ती तापली म्हणजे तिच्यातून करंट गेला. तो तिच्यातून का जाईल? त्याचा नेहमीचा रस्ता बंद असेल तरच.

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण सेल्फच्या दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त हेच महत्त्वाचं वाटतं. सेल्फला पॉझिटिव्हची जाड केबल येते, ती सगळ्यांना दिसते. निगेटिव्ह मात्र वेगळी येत नाही. सेल्फचं अंग इंजिनला बोल्टने धरलेलं, तेच त्याचं अर्थिंग. पण बॅटरीची निगेटिव्ह जोडलेली बॉडीला, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. त्या दोघांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, माझ्या गाडीत गिअरबॉक्सच्या बोल्टपासून चॅसीपर्यंत. सेल्फचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत जातो. ती खराब झाली की करंट मिळेल त्या वाटेने जातो, चोकची वायर, स्पीडोमीटरची वायर, काहीही. आणि हेडलाइट? त्याचं अर्थिंग सरळ बॉडीला, त्यामुळे तो झकास लागतो. बॅटरी खरंच बसलेली असती तर किल्ली मारताच दिवा मरगळला असता. आईने बोटीवर नेमकं हेच बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा मल्टिमीटर आणला. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून बॉडीला टेकवून ठेवली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. आईला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या उघड्या धातूवर.

"आई, फिरव."

मीटरने २.९ व्होल्ट दाखवले. हा आकडा ०.२ च्या आत हवा. मग बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर बघितलं, सेल्फ मारतानाही १०.८. म्हणजे बॅटरी उत्तम, पण सेल्फपर्यंत आठसुद्धा पोचत नव्हते. पॉझिटिव्ह बाजू पण बघितली, ०.३, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

याआधी मी ती पट्टी मीटरच्या ओहमवर तपासली होती आणि शून्य दाखवल्यावर निर्धास्त झालो होतो. ओहमवर हा दोष कधीच सापडणार नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचे नुसते दोन शतांश असले तरी दीडशे अँपिअरला तीन व्होल्ट तिथेच गेले. दोन शतांश साध्या मीटरला दिसत नाहीत. म्हणून सेल्फ फिरत असतानाच मोजायचं.

मीटर नसेल तर याहून सोपी आणि फुकटची परीक्षा आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि किल्ली मारा. मी लावलं आणि गाडी पहिल्याच फेऱ्यात उठली. माझ्याकडे ती केबल फेरीबोटीवरसुद्धा डिकीत पडलेली होती.

पट्टी काढली. वरून काळी, ग्रीस आणि अंडरकोटिंगने माखलेली, अगदी धडधाकट. बोल्ट सोडवून हातात वाकवली तर आतून हिरवी भुकटी सांडली. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकावं तशी ती तार आतल्या आत कळकली होती. विणीतले निम्मे धागे तुटलेले, आणि बोल्टखालच्या लगवर (पट्टीच्या टोकाच्या भोकाच्या चकतीवर) हिरवट पांढरा, खडबडीत थर. चॅसीच्या बाजूला लगखाली गंजाचा पापुद्राच. मिठाचा वारा, दमट हवा, तांबं आणि लोखंड एकत्र. किनाऱ्यावर असंच होणार.

मग जानेवारीचं कोडंही सुटलं. सेल्फ काढताना ती पट्टी सोडवली गेली, परत आवळताना लग घासला जाऊन थोडा उघडा झाला, आणि पाच महिने निभावलं. म्हणजे जानेवारीत मी जे श्रेय सेल्फला दिलं त्यातलं बरंचसं त्या एका बोल्टचं होतं. तरी ४,२०० वाया गेले असं नाही म्हणणार, त्या सेल्फची आतली अवस्था मी डोळ्यांनी बघितली होती. बॅटरीचे ५,४०० मात्र पूर्ण वाया. जुनी बॅटरी आज इन्व्हर्टरला लावलीय आणि उत्तम चालतेय, हे बघून रोज जीव हळहळतो.

नवी पट्टी बाजारात शोधलीच नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून २५ स्क्वेअर मिलिमीटरच्या वेल्डिंग केबलचे दोन तुकडे घेतले, त्यानेच लग दाबून दिले, सगळे मिळून २६० रुपये. एक जुन्याच जागी, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हपासून सरळ गिअरबॉक्सच्या बोल्टवर. जागा पॉलिश पेपरने चांदीसारखी चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, आणि मग वरून व्हॅसलीन फासलं. आधी घासायचं, आवळायचं, मग व्हॅसलीन, असा क्रम. बॅटरीची निगेटिव्ह सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची, हे तरी सांगायला नको.

आता सेल्फबद्दल. आज दहा महिने झाले. वाइंडिंगचं काम चोख आहे, बेंडिक्स एकदाही घसरला नाही. तक्रार एकच: कार्बनवरची पत्र्याची पट्टी त्याने रंग न लावता तशीच चढवली. पावसाळ्यात ती गंजून तांबडी झाली, उघडताना स्क्रूड्रायव्हरने उचकटावी लागली. समुद्रकाठच्या गाडीला एवढा रंग लावायलाच हवा होता. मी आता लावलाय.

महिन्यातून एकदा, अजून सेल्फ दात खाल्ल्यासारखा कर्र करतो. तो दोष सेल्फचा नाही, फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचा, म्हणजे सेल्फ ज्यात अडकतो त्या इंजिनच्या चाकाच्या दातांचा आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनपाशी, बहुधा त्याच दोन जागी थांबतं, त्यामुळे चाळीस वर्षं तेच दात झिजलेत. तिथे अडकली की गाडी गिअरमध्ये टाकून थोडी पुढे ढकलायची, नवे दात समोर येतात. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तेव्हा ते क्लच प्लेटच्या वेळी एकदमच करणार. निव्वळ त्यासाठी मजुरी देणार नाही.

चिपळूणला मागच्या आठवड्यात गेलो होतो. दुकानात जाऊन त्या माणसाची माफी मागितली आणि जुनी पट्टी दाखवली. त्याने ती बोटांत चुरगळून बघितली, हिरवी भुकटी काउंटरवर सांडली, आणि म्हणाला, "ही इथेच ठेवा. गुहागर-हेदवीकडचं कुणी आलं की आधी हीच दाखवतो."

कालचं रीडिंग, सेल्फ फिरताना, निगेटिव्ह खुंटी ते सेल्फचं अंग: ०.०८ व्होल्ट. किल्ली आईनेच फिरवली.