समईला मॉडेल, घराला ३६० अंशांचे फोटो: वेबसाइटसाठी थ्रीडी निवडताना

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दीड महिना असताना गोव्यातल्या म्हापशातल्या एका पितळी भांड्यांच्या दुकानमालकांचा फोन आला. वेबसाइटवर समई बोटाने फिरवून बघता आली पाहिजे, म्हणाले. त्याच आठवड्यात सत्तरी तालुक्यात होमस्टे चालवणाऱ्या एका काकूंनी विचारलं, आमच्या जुन्या घराचं राजांगण (मधला उघडा चौक) लोकांना आधीच आतून बघता येईल का? दोघांनीही शब्द वापरला तो ‘थ्रीडी’. मी दोघांना वेगवेगळी वाट सुचवली. तुम्हालाही असंच काही ठरवायचं असेल, तर या दोन कामांवरूनच तुलना करतो.

काकूंचं आधी सांगतो, कारण ते सोपं होतं. घर आतून दाखवायला ३६० अंशांचे, म्हणजे चहूबाजू एकाच चित्रात टिपणारे फोटो पुरतात, मॉडेलचा, म्हणजे संगणकात घडवलेल्या त्रिमितीय आकाराचा, हट्ट धरू नये. फोटोंवरून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर एका फोटोतली खूण दुसऱ्या फोटोत शोधत असतं. चुना लावलेल्या कोऱ्या भिंतीवर त्याला खूणच सापडत नाही, मग भिंत लाटांसारखी वाकडी येते. त्याऐवजी ओसरी (आमच्याकडे ‘सोपा’), राजांगण, माजघर अशा चार-पाच जागी तिपाईवर ३६० कॅमेरा ठेवायचा आणि ते फोटो पॅनेलम या मोफत, मुक्त स्रोत साधनात जोडायचे. राजांगणात वरून ऊन कोसळतं आणि सोपा काळोखात बुडतो, म्हणून एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन-चार फोटो घेऊन ते एकत्र करावे लागतात. जुन्या फोनवर ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद चित्र चढत नाही. मोठा फोटो तुकड्यांत कापून द्यायची सोय पॅनेलममध्ये आहे, ती वापराच.

समईचं काम मात्र खरं थ्रीडीचं. गिऱ्हाईक दुकानात समई उचलतं, फिरवतं, तबकाखाली बोट फिरवतं. पडद्यावर तसं काही द्यायचं तर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे फिरत्या पाटावर दर १० अंशांना एक असे ३६ फोटो. एक फोटो ६० किलोबाइटचा धरला तरी सगळे मिळून दोन मेगाबाइटच्या आसपास जातात. चमक अस्सल दिसते, कारण ते फोटोच आहेत. पण समई एकाच आसाभोवती फिरते, वरून वाकून बघता येत नाही.

मॉडेल करायला गेलात तर पितळ आधी अडवतं. त्यावरचं प्रतिबिंब कॅमेऱ्याबरोबर सरकतं, त्यामुळे फोटोंवरून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर इथेही फसतं. मॅट पावडर फवारतात, पण मग पितळेचा रंग झाकला जातो. सुदैवाने समई हा कातकामाचा आकार आहे: बैठक, दांडा, तबक, सगळं गोल. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अर्धी बाह्यरेषा काढून ती आसाभोवती फिरवली की समई उभी राहते. वेगळं घडवावं लागतं ते फक्त तबकाच्या वातीच्या खोबण्या आणि वरचा हंस. फाइल जीएलबी प्रकारात काढावी. ती जीएलटीएफ (glTF) या थ्रीडी फाइलींच्या खुल्या मानकाचीच एकसंध आवृत्ती, त्यामुळे उद्या साधन बदललं तरी मॉडेल वाया जात नाही.

ही फाइल पानावर चढवायला मुख्यतः दोन रस्ते आहेत, थ्री.जेएस आणि मॉडेल-व्ह्यूअर, ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणारे दोन तयार कोडसंच. पहिलं २०१० पासूनचं, रिकार्डो काबेयो यांनी सुरू केलेलं आणि सर्वाधिक वापरातलं. दुसरं गूगलचं, थ्री.जेएसवरच उभं, पण पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये एक टॅग लिहिला की काम सुरू. मी आधी थ्री.जेएस घेतलं. दिवे मांडले, कॅमेरा लावला, आणि समई काळी ठिक्कर! दुकानमालक शेजारीच बसले होते. “अहो, ही लोखंडाची दिसते,” म्हणाले. कारण असं की धातूला पडद्यावर स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच, तो भोवतालचं प्रतिबिंब दाखवतो. भोवताली काहीच ठेवलं नाही तर धातू काळोखच दाखवणार. मॉडेल-व्ह्यूअर सांगितलं नाही तरी एक साधा, तटस्थ प्रकाश भोवती धरतो. थ्री.जेएसमध्ये तो आपण द्यायचा असतो. शेवटी काकूंच्या परवानगीने त्यांच्या सोप्यावरचा, कमी-जास्त उजेडाच्या फोटोंतून जोडलेला ३६० फोटोच समईभोवती लावला. दांड्यावर उघडं दार आणि राजांगणाचा उजेड उमटला, तेव्हा कुठे ते पितळ वाटलं.

मग थ्री.जेएस कधी घ्यावं? वस्तू नुसती फिरायची नसून काही घडायचं असेल तेव्हा. पाचही वाती एकेक करून पेटवायच्या, प्रत्येक ज्योतीचा उजेड भिंतीवर हलायचा, असं हवं असेल तर तेच. पण त्याच्या नव्या आवृत्त्या वारंवार येतात आणि काही ना काही बदलतात, म्हणजे सांभाळणारा माणूस कायमचा हवा. मायक्रोसॉफ्टमधून २०१३ साली आलेलं, अशाच कामाचं बॅबिलॉन.जेएस जुना कोड चालता ठेवण्याबाबत जास्त काटेकोर आहे. मोठा कॉन्फिगरेटर (गिऱ्हाईकाने वस्तूचे रंग, भाग बदलून बघायचं साधन) किंवा खेळ करायचा तर मी तेच घेईन. स्प्लाइन या साधनात कोड न लिहिता देखावा मांडता येतो, डिझायनरला ते आवडतं. मुखपृष्ठावरच्या सजावटीला ठीक, विकायच्या मालाला मी वापरणार नाही. मॉडेल दुसऱ्याच्या वेबसाइटवर ठेवून आपल्या पानात त्याची खिडकी उघडण्याचीही सोय मिळते, पण मॉडेलं ठेवायची गूगलची जागा, पॉली, २०२१ मध्ये बंद झाली हे लक्षात ठेवा. मूळ फाइल नेहमी आपल्याकडे ठेवावी.

फाइलच्या वजनाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मॉडेलच्या पृष्ठभागावर पोत म्हणून लावलेलं ४०९६ बाय ४०९६ चं चित्र जेपेगमध्ये दोन मेगाबाइटचं असलं, तरी फोनच्या ग्राफिक्स मेमरीत उघडल्यावर ६४ मेगाबाइट खातं. २०४८ चं घेतलं तर १६. मॉडेलं आवळायचं ड्रॅको हे तंत्र फक्त आकाराचा डेटा आवळतं, चित्रांना हात लावत नाही. मेमरीतही आवळलेलीच राहणारी चित्रं हवीत तर केटीएक्स२ हा चित्रप्रकार घ्या. समईला तर १०२४ सुद्धा पुरलं.

मांडणीत एक जपा: फोनवर मॉडेलची चौकट पूर्ण पडदाभर ठेवू नका. पान खाली सरकवायला गेलेलं बोट समईच फिरवत बसतं आणि किमतीपर्यंत पोचतच नाही. चौकटीत आधी साधा फोटो दिसू द्या, बोट लागलं की मगच मॉडेल उतरू द्या. पावसाळ्यात सत्तरीच्या आतल्या वाड्यांवर रेंज जेमतेम असते, तिथे निदान फोटो तरी उघडतो. नाव, वजन, उंची ही अक्षरं मॉडेलच्या आत कोरू नका, पानावरच लिहा. आत कोरलेलं गूगलच्या शोधालाही वाचता येत नाही आणि दृष्टिहीनांच्या वाचकयंत्रालाही नाही.

दुकानाला मी मॉडेल-व्ह्यूअर दिलं, तेही खपाच्या तीनच समयांना. बाकीचा माल फोटोंवर. मॉडेल-व्ह्यूअरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की बऱ्याच फोनांवर समई कॅमेऱ्यातून आपल्याच देवघरात उभी दिसते, कोनाड्यात मावते की नाही ते कळतं. त्यासाठी मॉडेलचं माप खरं हवं. जीएलटीएफचं एकक मीटर आहे, तेव्हा दोन फुटी समईची उंची ०.६१ भरा.