गिलनेट बोटीवर रडार: एक हंगाम वापरल्यानंतर

रडार बसवल्यापासून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जो भेटतो तो आधी एकच विचारतो, "किती मैल दिसतं?" खोक्यावर ३६ मैल छापलंय. पूर्ण हंगाम काढल्यावर सांगतो, त्या आकड्याला भुलून रडार घेऊ नका. डोम (रडारचा अँटेना आत असलेला गोल डबा) कुठे बसवला, वायर कुठून आणली आणि बोट जेटीला असताना अर्धा दिवस सेटिंगला दिला की नाही, यावर पैसे वसूल होणार की नाही ते ठरतं.

आधी बोटीबद्दल. १५ मीटरची फायबरची गिलनेट, म्हणजे पाण्यात जाळं पसरून मासळी अडकवणारी. सुरमई, हलव्याच्या मागे जातो. रात्री जाळं सोडायचं आणि त्याच्याबरोबर वाहत राहायचं. वाऱ्यापावसाला तांडेल (बोट चालवणारा) घाबरत नाही, पण जहाजाला घाबरतो. जयगडला येणारी कोळशाची जहाजं, मुंबई आणि न्हावा शेव्याची कंटेनर जहाजं, सगळ्यांची वाट आमच्या जाळ्यांवरून. ट्रॉलरवाला निदान वळू तरी शकतो. आमचं जाळं मैलोन्‌मैल पाण्यात पसरलेलं असतं, ते काही पाच मिनिटांत गुंडाळून पळता येत नाही.

एआयएस रिसीव्हर (जहाजं रेडिओवरून स्वतःचं नाव आणि जागा कळवतात, ते दाखवणारा) आधीपासून होता. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे, त्यामुळे मोठी जहाजं त्यावर दिसतात. बाकीचं काय? शेजारची बिनदिव्याची होडी, बंद इंजिनाने झोपलेला ट्रॉलर, जाळ्याच्या टोकाचा बावटा, समोरून येणारी पावसाची सर, यांतलं काहीच एआयएस सांगत नाही. इस्रोचा ट्रान्सपाँडर संदेश आणि एसओएससाठी उत्तम, पण आजूबाजूला कोण आहे हे बघायला डोळा लागतो.

सेट घेतला फुरुनो १८१५. ४ किलोवॅटचा मॅग्नेट्रॉन (रडारच्या लहरी तयार करणारा भाग), १९ इंची बंद डोम, ८.४ इंची रंगीत स्क्रीन. आता मॅग्नेट्रॉन नसलेले सॉलिड स्टेट डोमही मिळतात. ते गरम व्हायला थांबावं लागत नाही, वीजही कमी खातात. पण ते बहुतेक टचस्क्रीन प्लॉटरला (समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या यंत्राला) जोडायचे असतात. मासळीच्या चिकट, खाऱ्या हातांनी हलत्या केबिनमध्ये टचस्क्रीन चालवून बघा, मग माझ्याशी वाद घाला. मला बटणं आणि फिरवायची मूठ हवी होती. चालू केल्यावर दीड मिनिट थांबावं लागतं, ते चालतं.

डोमची जागा. आमच्याकडे सगळे डोम डोलकाठीवर जितका उंच जाईल तितका चढवतात. मी केबिनच्या टपावर स्टीलच्या पाइपची चौकट करून तिच्यावर बसवला, पाण्यापासून साधारण ५ मीटरवर. हिशेब सोपा आहे. उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा, रडारचं क्षितिज सागरी मैलांत मिळतं. ५ मीटरला ते येतं ५ मैल. समोरच्या वस्तूचंही असंच काढून त्यात मिळवायचं. ३० मीटर उंचीचं जहाज असेल तर त्याचे १२, म्हणजे १७ मैलांवर ते दिसायला हरकत नाही. दोन मीटर वर असलेल्या होडीचे ३, म्हणजे कागदावर ८ मैल. पण लाकूड आणि फायबर इतकं क्षीण उत्तर देतात की प्रत्यक्षात दोन-तीन मैलांवर ठिपका धरला तरी मी समाधानी असतो. मग ३६ मैल कशाला? डोंगर आणि उंच ढग बघायला. आता डोम ५ चा ९ मीटरवर नेला तर क्षितिज दीड-पावणेदोन मैलांनी वाढतं, पण वर वजन वाढून बोट जास्त डुलते आणि बोटीजवळचा आंधळा पट्टाही रुंदावतो. या डोमचा झोत उभ्यात २५ अंश उघडतो, म्हणजे खाली साडेबारा. ५ मीटरवरून तो साधारण २२ मीटरवर पाण्याला टेकतो, ९ मीटरवरून ४० वर. बंदरात शिरताना तेवढाच फरक जाणवतो.

डोलकाठी मात्र डोमच्या पुढे येणार नाही असं बघा. पुढे आली की तेवढ्या भागात कायमची सावली पडते, आणि नेमकी नाकासमोर.

आता वायरिंग. आमच्या बोटीत इंजिन सुरू करायला दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत, जसे बहुतेक मोठ्या इंजिनांना असतात. इथे सर्रास चालणारी पद्धत अशी की व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ), जीपीएस, टेप, जे १२ व्होल्टचं असेल ते दोनपैकी एका बॅटरीवर टोचायचं. इलेक्ट्रिशियनने रडारसाठीही तिथेच चिमटा लावायची तयारी केली होती. त्याने काय होतं? एक बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना एकत्र मिळतं. मग उतरलेली कधी पुरी भरत नाही आणि दुसरी उकळत राहते. वर्षभरात जोडीच बदलावी लागते आणि दोष बॅटरी कंपनीला जातो.

हे रडार १२ आणि २४ दोन्हीवर चालतं, त्यामुळे पूर्ण २४ वर सरळ जोडून घेतलं. दोन फायदे. करंट निम्मा लागतो, दोन अँपिअरच्याही आत. आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज १८-१९ पर्यंत कोसळलं तरी रडार बंद पडत नाही. १२ वर जोडलेले सेट स्टार्टरच्या झटक्याला हमखास रीस्टार्ट होतात, मग पुन्हा दीड मिनिट आंधळे. बाकीच्या १२ व्होल्टच्या सामानासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला.

वायरची जाडी इथे कोणी मोजत नाही. माझ्याकडे बॅटरीपासून केबिनपर्यंत ८ मीटर, जाऊन-येऊन १६. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याला एवढ्या अंतरात पाव ओहमच्या जरा वर रोध येतो. २ अँपिअरला अर्धा व्होल्ट गेला, २४ मध्ये चालून जाईल. पण तीच वायर १२ वर ४ अँपिअर वाहायला लावली तर एक व्होल्टहून जास्त वाटेतच खाते. मी अडीचची टाकली, कल्हई केलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत काळं पडत जातं, वरून इन्सुलेशन नवंकोरं दिसतं. वायर आणि लग (वायरच्या टोकाला लावायचे जोड) महाग पडले म्हणून घरचे कुरकुरले. रडारच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ होती.

डोमपासून स्क्रीनपर्यंतची केबल दोन्ही टोकांना कनेक्टर लावूनच येते. तो कनेक्टर जाईल एवढं भोक पाडा. भोक लहान पडलं म्हणून केबल कापून जोडणारे महाभाग बघितलेत, नंतर त्यांच्या स्क्रीनवर नुसत्या रेघा. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, आत येत नाही. व्हीएचएफच्या अँटेनाच्या केबलशी एकत्र बांधू नका. स्क्रीन होकायंत्रापासून किती लांब हवी ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते पाळा. बोल्टही पुस्तिकेत दिलेल्या लांबीचेच घ्या, लांब बोल्ट डोमच्या बुडात घुसून आतलं फोडतो.

डोमच्या खाली पाणी निघून जायला एक बारीक वाट ठेवलेली असते. सिलिकॉन हातात आलं की आमच्या लोकांना सगळीच भोकं बुजवायची खुमखुमी येते. ते एक भोक सोडा. आणि रंग! नारळी पौर्णिमेच्या आधी बोट रंगवताना एका खलाशाने वरून हाक मारली, "नाखवा, ह्या टोपल्याला पण निळा मारू काय?" ब्रश बुडवून तयारच होता. डोमवर रंगाचा थर नको, धातूची पूड असलेला तर अजिबात नको.

जीपीएसची माहिती रडारला एनएमईए ०१८३ ने दिली, बोटीवरची यंत्रं एकमेकांशी त्याच पद्धतीने बोलतात. जीपीएसकडून बाहेर जाणारी जोडी रडारच्या आत येणाऱ्या जोडीला लावायची आणि दोन्हीकडे वेग ४८०० ठेवायचा. वायरचे रंग कंपनीगणिक वेगळे, त्यामुळे रंगावर जाऊ नका, पुस्तिकेतल्या नावांवर जा.

सेटिंगला दिलेला अर्धा दिवस मला सगळ्यात स्वस्तात पडला. बंदरात पाऊण मैलाच्या रेंजवर ब्रेकवॉटरची सरळ भिंत बघा. सुरुवातीला ती स्क्रीनवर मधोमध आत ओढल्यासारखी वाकडी दिसत होती. याचा अर्थ अंतर मोजायची वेळ जुळलेली नाही. मेनूत टायमिंगचा आकडा एकेक पायरी हलवत गेलो तशी भिंत सरळ होत आली. मग बोटीचं नाक एका बोयावर धरून हेडिंगची (स्क्रीनवर नाकाची दिशा दाखवणारी) रेघ त्याच्या ठिपक्यावर आणली. हे दोन केलं नाही तर जवळच्या वस्तूचं अंतर चुकतं आणि दिशा दोन-चार अंशांनी सरकते. रात्री तीन मैलांवरचं जहाज डावीकडून जाणार की उजवीकडून, हे त्या दोन-चार अंशांवर असतं.

वापराबद्दल. बहुतेक वेळ ६ मैलांवर ठेवतो, अधूनमधून १२ वर जाऊन येतो. जहाज दिसलं की त्यावर दिशेची रेघ टाकायची. ठिपका रेघेवरूनच जवळ सरकत राहिला तर धोका, रेघ सोडून बाजूला जाऊ लागला तर तो आपल्या वाटेने जाईल. तांडेलला मेनूतलं काही आवडत नाही, पण ही रेघ त्याने पहिल्या आठवड्यात आत्मसात केली. आता आठ-नऊ मैलांवर असतानाच तो व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर जहाजाला जाळ्याची दिशा सांगतो. एआयएसवरून नाव वाचून हाक मारली की उत्तर लवकर मिळतं, त्यामुळे दोन्ही यंत्रं लागतात.

पावसाच्या सरी हे रडारचं दुसरं मोठं काम, याची मला घेताना कल्पना नव्हती. परतीच्या पावसाच्या दिवसांत पूर्वेकडून किनाऱ्यावरची झड येते, अंधारात ती अंगावर येईपर्यंत कळत नाही. रडारवर ती आठ मैलांवर जाड डागासारखी उमटते. वीस नॉटने येत असेल तर हातात चोवीस मिनिटं. सगळं जाळं येत नाही, पण माणसं आवरतात, फळ्या बांधून होतात.

जाळ्याच्या टोकाच्या बावट्यावर ॲल्युमिनियमचा अष्टफलकी परावर्तक (रडारच्या लहरी परत फेकणारा) बांधला. नुसता बावटा लाटांत कधीच दिसत नव्हता. परावर्तक असलेला शांत पाण्यात मैलभरावर येतो, खवळलेल्या पाण्यात कधी येतो, कधी नाही.

मर्यादा स्पष्ट लिहितो. एवढ्या लहान डोमचा झोत आडवा साधारण ५ अंश. तीन मैलांवर त्याची रुंदी जवळपास ५०० मीटर होते. त्यामुळे ३०० मीटर अंतर ठेवून चाललेल्या दोन बोटी तिथे एकच ठिपका दिसतात आणि जवळ आल्यावर फुटतात. खाडीचं तोंडही लांबून बंद दिसतं. दुसरं, लाटांचा कचरा घालवायचं सी क्लटर. वारा वाढला की मधला भाग पांढरा होतो, माणूस वैतागून ते पूर्ण चढवतो, कचऱ्याबरोबर लहान होड्याही पुसल्या जातात. थोडा कचरा राहू द्यावा. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातव्या नियमात सरळ लिहिलंय की अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवर, अंदाज बांधू नये. म्हणून पुढे बघणारा माणूस आमच्याकडे अजूनही उभाच असतो. मुंबईच्या जवळ गेलं की दुसऱ्या रडारांमुळे स्क्रीनवर ठिपक्यांच्या वळत्या रांगा फिरतात, इंटरफिअरन्स घालवायची सोय चालू केली की जातात.

एकच बिघाड झाला. डिसेंबरात, उधाणाच्या पाण्यात बोट आपटली की स्क्रीन विझायची आणि परत लागायची. सगळे म्हणाले डोम गेला. मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर २६.८ आणि रडारच्या प्लगवर २३.९. दोन अँपिअरच्या आतल्या करंटला अडीच मिलिमीटरच्या वायरीत तीन व्होल्ट जातील कसे? हात लावत गेलो, फ्यूजचा होल्डर चांगलाच तापलेला. बाजारातला साधा प्लास्टिकचा होल्डर, आतली पितळी पट्टी हिरवी पडून सैल झालेली. तो काढून झाकणाचा, रबरी सीलवाला बसवला. तेव्हापासून तक्रार नाही. कनेक्टरमध्ये ग्रीस आणि दोन महिन्यांनी टर्मिनलचे स्क्रू आवळणं, इंजिनाच्या हादऱ्यांपुढे एवढं करावंच लागतं.

टपावर माणूस चढणार असेल तर रडार बंद करून त्याचा ब्रेकर खाली, हा नियम मी पाटी लावून केलाय. झोत डोमच्या उंचीलाच फिरतो आणि खलाशी नेमका तिथेच जाळं वाळवायला बसतो.

दिवसा जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या लहान बोटीला मी हे घे म्हणणार नाही. तिने व्हीएचएफ आणि चांगला परावर्तक घ्यावा, म्हणजे ती निदान दुसऱ्याला दिसेल. रात्र बाहेर काढणाऱ्या गिलनेटवाल्याने मात्र नव्या इंजिनाच्या आधी याचा विचार करावा.

आता जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हेडिंग सेन्सर (बोटीचं नाक कुठल्या दिशेला आहे ते सांगणारा) बसवायचा आहे. त्याशिवाय एआयएसची नावं रडारच्या ठिपक्यांवर नीट बसत नाहीत, आणि जहाज किती अंतरावरून जाईल हे रडारला आपोआप काढता येत नाही. सेन्सर लोखंडापासून लांब हवा आणि फायबर बोटीत लोखंड म्हणजे इंजिन आणि विंच. केबिनच्या पुढच्या कोपऱ्यात जागा बघून ठेवलीय, होकायंत्र तिथे नेऊन काटा हलत नाही एवढी खात्री केलीय. त्याची वायरही अडीचचीच टाकणार का, असं घरून विचारणा झाली आहे. त्याला एकची पुरते.